कथा-अभ्यास : 'द यलो वॉलपेपर' – बंद खोली आणि खचत जाणारं मन



आजचा पाठ नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. माझी भाची इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करते. दिवाळीच्या सुट्टीत ती कर्जतला आमच्याकडे आली तेव्हा तिच्या नोट्स सहज चाळल्या. एका कथेखाली लिहिलं होतं, "खिडकीचे गज म्हणजे बंधन. पिवळा रंग म्हणजे आजार. वॉलपेपर म्हणजे समाज." मी विचारलं, "कथा वाचलीस का?" ती म्हणाली, "मावशी, परीक्षेला एवढंच पुरतं."

मी स्वतः मराठी माध्यमात शिकलेली, डी.एड. करून प्राथमिक शाळेत लागलेली. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ती कथा चार रात्रींत वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. त्याचं कारण पुढे सांगते. आधी कथा नीट समजून घेऊ.

लेखिकेची ओळख

शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेचा जन्म १८६० चा. १८८४ मध्ये लग्न झालं, १८८५ मध्ये मुलगी झाली. बाळंतपणानंतर त्यांना खोल उदासीनं घेरलं. १८८७ मध्ये त्या फिलाडेल्फिया शहरातल्या डॉ. सायलस वेअर मिचेल या नामांकित डॉक्टरांकडे गेल्या. मिचेल यांची 'विश्रांती-उपचार' पद्धत तेव्हा प्रसिद्ध होती. झोपून राहायचं, भरपूर खायचं, डोक्याला ताण द्यायचा नाही. घरी पाठवताना त्यांनी शार्लटबाईंना सांगितलं की शक्य तितकं घरगुती जीवन जगा, बुद्धीचं काम दिवसाला फार तर २ तास करा आणि लेखणी-कुंचल्याला आयुष्यभर हात लावू नका. हा सल्ला पाळता पाळता आपण वेडाच्या अगदी काठावर पोहोचलो होतो, असं त्यांनी पुढे १९१३ मध्ये एका लेखात सांगितलं. मग त्यांनी सल्ला झुगारला, पुन्हा लिहायला लागल्या आणि सावरल्या. जानेवारी १८९२ मध्ये ही कथा छापून आली.

आपल्या वाचकांसाठी एक जोड देते. याच फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. कर्जतहून लोकलनं तासाभरावर असलेल्या कल्याणला जन्मलेल्या, माहेरचं नाव यमुना. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ १० दिवसांत गेलं आणि त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हाच होता. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी शार्लटबाई त्या शहरात उपचाराला गेल्या. बाळंतिणीकडे बाईच्या नजरेनं पाहणारी डॉक्टर जिथे घडत होती, तिथेच दुसऱ्या दवाखान्यात एका बाळंतिणीला लिहू नको म्हणून सांगितलं जात होतं.

कथानक थोडक्यात

कथा डायरीच्या रूपात आहे. लिहिणाऱ्या बाईचं नाव सांगितलेलं नाही. तिला नुकतंच बाळ झालंय आणि मन बरं नाही. नवरा जॉन स्वतः डॉक्टर, भाऊही डॉक्टर. दोघांचं मत एकच, की विशेष काही नाही, जरा नसांचा अशक्तपणा आहे. जॉन उन्हाळ्याच्या ३ महिन्यांसाठी गावाबाहेर एक जुना मोठा वाडा भाड्यानं घेतो. तिला खालची, अंगणात उघडणारी, गुलाबाच्या वेलींची खोली हवी असते. जॉन वरच्या मजल्यावरची मोठी खोली निवडतो, हवा आणि ऊन भरपूर म्हणून.

त्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत. जिन्याच्या तोंडाशी फाटक आहे. पलंग जमिनीला खिळ्यांनी ठोकलेला आहे. भिंतींना नक्षीचा पिवळा कागद चिकटवलाय, ठिकठिकाणी फाटलेला. बाळ दुसरी बाई सांभाळते, घर नणंद सांभाळते. हिला काम नाही, लिहायला बंदी आहे. ती चोरून लिहिते आणि कागदाची नक्षी बघत बसते. हळूहळू नक्षीमागे तिला एक बाई दिसू लागते. रांगणारी, नक्षी हलवून बाहेर पडू पाहणारी. शेवटच्या दिवशी ती दाराला आतून कुलूप लावते, किल्ली खाली अंगणात फेकते आणि त्या बाईला सोडवण्यासाठी कागद ओरबाडून काढते. जॉन दार उघडून आत येतो, ते दृश्य पाहून बेशुद्ध पडतो. ती भिंतीलगत रांगतच राहते, दर फेरीला त्याच्या अंगावरून.

(किल्ली 'प्लँटेन'च्या पानाखाली पडलीय असं कथेत आहे. डिक्शनरीत केळ असा अर्थ दिसेल, पण ते तिकडच्या अंगणात उगवणारं बारकं रोप आहे. अमेरिकेतल्या त्या थंड भागात केळीचं झाड उभं करू नका!)

प्रतीकं कशी वाचायची?

प्रतीक म्हणजे 'अमुक बरोबर तमुक' असं गणित नव्हे. कथेत ती वस्तू आधी खरी वस्तू असते. तिचं काय काय होतं ते बघत गेलं की अर्थ आपोआप साठत जातो.

१) खोली : ही पूर्वी मुलांची खोली असावी असं त्या बाईला वाटतं. मुलं पडू नयेत म्हणून गज, मुलं उतरू नयेत म्हणून फाटक. जॉन तिच्याशी बोलतोही तसाच, लहान मुलीशी बोलावं तसा लाडानं. तिला उचलून वर नेतो, निजवतो, वाचून दाखवतो. आई झालेल्या बाईला इथे पुन्हा मूल करून ठेवलंय. पण भिंतीतल्या कड्या आणि कुरतडलेला पलंग बघून वाचकाला शंका येते, की इथे आधीही कोणाला तरी कोंडलं असेल का? ही शंका लेखिका शेवटपर्यंत सोडवत नाही.

२) खिडकी : खिडकीतून बाग दिसते, खाडी दिसते, रस्ता दिसतो. बाहेरचं जग तिच्यासाठी संपलेलं नाही, ते समोर आहे. फक्त तिथे जायला तिला परवानगी लागते.

३) वॉलपेपर : वाचायला-लिहायला बंदी असलेल्या माणसाला समोर एकच गोष्ट मिळते, भिंत. मग ती भिंतच वाचू लागते, नक्षीचा नियम शोधू लागते, एक रेघ धरून शेवटपर्यंत जायचा प्रयत्न करते. हे वेडाचं लक्षण म्हणण्याआधी हे बघा की हे हुशार मनाचं लक्षण आहे. मन कामाशिवाय राहत नाही. काम काढून घेतलं तर ते पोपड्यांवर काम करतं.

४) उजेड : दिवसा मागची बाई दबून, गप्प असते. रात्री, विशेषतः चांदण्यात, वरची नक्षी गजांसारखी दिसते आणि बाई स्पष्ट होते. दिवसा जॉन असतो, सगळं शहाणपणाचं चाललेलं असतं. जे दिवसा बोलता येत नाही ते रात्री दिसतं.

५) रांगणं : बाळ रांगतं, कारण त्याला उभं राहायचं असतं. इथे उभी असलेली बाई रांगू लागते. वाढीची दिशाच उलटी झाली. शिवाय तिला खिडकीतून बाहेर दिवसाढवळ्या लपतछपत रांगणाऱ्या बाया दिसतात. म्हणजे ही एकटीची गोष्ट राहिली नाही.

६) किल्ली : सुरुवातीला दार दुसऱ्यांच्या हातात असतं. शेवटी दार तीच बंद करते. कोंडलेल्या माणसाला कोंडणंच आपलं वाटू लागतं, ही कथेतली मला सगळ्यात भीतीदायक वाटलेली गोष्ट.

मन कसं खचत जातं : चार पायऱ्या

विद्यार्थ्यांनी इथे भाषेकडे लक्ष द्यावं. लेखिका कुठेही 'ती वेडी होत गेली' असं म्हणत नाही. ते डायरीतून कळतं.

पहिली पायरी, शंका. जॉनचं म्हणणं आपल्याला पटत नाही हे ती लिहिते, आणि लगेच 'पण मी तरी काय करणार' असा सूर लावते. तिचं निदान बरोबर असतं. काम, माणसं, थोडा बदल मिळाला तर बरं वाटेल हे तिला कळतंय.

दुसरी पायरी, अपराधीपणा. जॉन इतकी काळजी घेतो आणि आपण कृतघ्न, असं तिला वाटू लागतं. इथून जाऊ या, असं ती एकदा धीर करून सांगायला जाते. बोलता बोलता रडू फुटतं आणि मुद्दा राहूनच जातो.

तिसरी पायरी, लपवणं. दिवसा झोपते, रात्री जागते. जॉन आणि नणंद दोघांवर संशय येतो. गंमत अशी की या टप्प्यावर ती बाहेरून बरी दिसते. जॉन खूश होतो.

चौथी पायरी, 'ती'ची 'मी' होणं. आधी नक्षीमागे 'ती' असते. शेवटी लिहिणारी स्वतःच म्हणते की मी बाहेर आलेय, आता मला परत आत घालता येणार नाही. वाक्यं तुटक होतात, परिच्छेद एकेका ओळीचे होतात. शेवटी 'जेन' असं एक नाव येतं जे आधी कुठेच नाही. ते तिचं स्वतःचं नाव, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींना ती नणंदेच्या नावाची चूक वाटते.

जॉन खलनायक आहे का?

माझ्या भाचीच्या नोट्समध्ये जॉन 'क्रूर नवरा' होता. कथेत तसं नाही. तो मारत नाही, उपाशी ठेवत नाही, ओरडतही नाही. तो प्रेमानं वागतो. फक्त तिचं एकही वाक्य खरं मानत नाही. ती म्हणते मला बरं नाही, तो म्हणतो तू बरी आहेस. तिच्या शरीराबद्दल, झोपेबद्दल, मनाबद्दल शेवटचा शब्द त्याचा. घराच्या भिंतीपेक्षा ही भिंत जाड आहे. म्हणून मला या कथेतलं मुख्य कोंडणं गजांचं वाटत नाही. तिचं म्हणणं हिशेबात न धरणं, हे खरं कोंडणं. गज हे त्याचं दिसणारं रूप.

याच सुमाराला मराठीत हरि नारायण आपटे 'करमणूक' साप्ताहिकात एका यमुनेची कहाणी तिच्याच तोंडून सांगत होते. विधवा झाल्यावर घरचेच तिचं जबरदस्तीनं केशवपन करतात. त्या कादंबरीचं नाव 'पण लक्षात कोण घेतो?'. दोन खंड, दोन भाषा, पण प्रश्न तोच. आणि मान देऊन, सुखसोयी पुरवून कोंडलेला माणूस वाचायचा असेल तर जी. ए. कुलकर्णींची 'पिंगळावेळ' संग्रहातली 'स्वामी' ही कथा जरूर वाचा. तिथे बाई नाही, बाळंतपण नाही, पण काळजीच्या नावाखालचं कोंडणं ओळखू येईल.

ही कथा मला का लागली?

इंग्रजीत पूर्वी बाळंतपणाच्या काळालाच 'कन्फाइनमेंट' म्हणत. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कोंडून ठेवणं. आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात. मी या प्रथेला सरसकट नावं ठेवणार नाही. शेक-शेगडी, तेल-मालीश, डिंकाचे लाडू, आल्यागेल्या बायकांच्या गप्पा, शेजारी बाळ. यात बाईला खरी विश्रांती मिळते. कथेतल्या बाईला तर बाळही जवळ नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना सव्वा महिना सोडा, दहा दिवसही मिळत नाहीत. त्यांच्यापुढे विश्रांतीला वाईट म्हणायला मला तोंड नाही.

पण माझं पहिलं बाळंतपण ऐन जुलैत झालं. कर्जतचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मागची खोली, खिडकी बंद, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. भिंतीला ओल आलेली आणि रंगाचे पोपडे सुटलेले. पुस्तक मागितलं तर म्हणाले, "बाळंतिणीनं वाचू नये, डोळे जातात." मोबाईलही तसाच गेला. सगळे प्रेमानंच सांगत होते. रात्री बाळ झोपलं तरी मला झोप येईना. मी पोपडे मोजायची. एक पोपडा माथेरानच्या डोंगरासारखा होता. दुसऱ्यात एक तोंड दिसायचं. तिसऱ्या आठवड्यात ते तोंड माझ्याकडे बघतंय असं वाटू लागलं. बाळाला घ्यायची इच्छा होईना, आणि त्याची इतकी लाज वाटायची की बोलले नाही. रडू यायचं तर म्हणायचे, "एवढं सोन्यासारखं बाळ झालंय, रडतेस काय?" एका नातेवाईक बाईंनी बाहेरचं लागलंय म्हणून अंगारा लावून घेतला.

बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात हे तुम्हाला माहीत असेल. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची फेरी असते. आमच्याकडच्या ताई २१ व्या दिवशी आल्या, बाळाचं वजन केलं, ताप बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, बाळाचं झालं. तुम्हाला झोप लागते का?" मी नाही म्हटलं. त्यांनी घाई केली नाही. बाजेवर टेकल्या. मी भिंतीवरच्या तोंडाचंसुद्धा सांगितलं. त्या हसल्या नाहीत. घरच्यांना म्हणाल्या, "हे बाळंतपणातलं दुखणं आहे, याला औषध आहे, डॉक्टरांकडे न्या." चार दिवसांनी नेलं. बरी व्हायला तीन-चार महिने लागले. आज तो मुलगा दुसरीत आहे.

म्हणून ही कथा वाचताना मला सारखं वाटत होतं की हिच्या खोलीत एखादी आशाताई आली असती तर? तिच्याकडे दोन डॉक्टर होते. "झोप लागते का?" असं विचारून उत्तर खरं मानणारं कोणी नव्हतं.

आजचा संदर्भ

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्यतः नैराश्य. म्हणजे पाचांतली जवळपास एक. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आया मोजून बघा.

आपल्याच तालुक्यात, कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या 'श्रद्धा' संस्थेचं पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून उपचार करायचे, बरं वाटलं की बोलतं करून गाव-पत्ता काढायचा आणि घरी पोहोचवायचं, हे काम ही संस्था १९८८ पासून करते. त्यासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जॉननं दार लावून जे केलं त्याच्या नेमकं उलट हे काम आहे.

कायदाही बदललाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मनोरुग्णाला साखळीनं बांधायला आणि एकांतात कोंडून ठेवायला मनाई आहे. कोणाला बोलायची गरज असेल तर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं. हा नंबर मी शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, पालकसभेला आयांना दिसावा म्हणून.

उत्तर लिहिताना लक्षात ठेवा

'गज म्हणजे बंधन' एवढ्यावर थांबू नका. ते गज कथेत कुठे कुठे येतात (आधी खिडकीला, मग चांदण्यात नक्षीत), ते दाखवा. शेवट विजय की पराभव, यावर दोन्ही बाजूंनी लिहा. ती खोलीच्या मालकासारखी वागते, पण रांगते. दोन्ही खरं आहे. आणि जॉनला नुसता वाईट ठरवून मोकळे होऊ नका. तो वाईट नाही म्हणूनच कथा अवघड आहे.

स्वाध्याय

१) कथेतल्या बाईला नाव का दिलेलं नसावं? तुमचं मत ८ ते १० ओळींत लिहा.
२) जॉननं तिला खालची गुलाबाची खोली दिली असती तर कथा बदलली असती का? कारणं द्या.
३) 'नक्षीमागची बाई' प्रथम दिसते तेव्हा आणि शेवटी, यांत काय फरक आहे?
४) तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांना त्यांच्या सव्वा महिन्याबद्दल विचारा. त्यांना काय करायची मनाई होती? त्यांना काय करावंसं वाटत होतं? त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.

चौथा प्रश्न गुणांसाठी नाही. माझ्या भाचीनं तो तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला विचारला. आई आधी म्हणाली, "कशाला गं ते जुनं." मग भांडी तशीच ठेवून तासभर बोलत बसली.